माझा आवडता अभिनेता : शिवाजी गणेशन

विद्यार्थी मित्रांनो, 'माझा आवडता अभिनेता' हा निबंध तुम्हाला कुठल्या ना कुठल्या इयत्तेत येतोच. वह्या तपासताना त्यात मला ठरलेली चार-पाच नावं भेटतात. प्रत्येक अभिनेता 'अष्टपैलू' असतो आणि त्याचे 'सर्वच चित्रपट मला आवडतात' हे वाक्य हमखास असतं. म्हणून या वेळी ठरवलं की, आपणच एक निबंध लिहून दाखवावा. माझा आवडता अभिनेता शिवाजी गणेशन. तो तमिळ होता आणि मला तमिळ येत नाही. तरीही तो आवडता का, एवढंच सांगायचं आहे.

आधी नावाचं बघू, कारण तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारणार. तमिळ माणसाचं नाव शिवाजी कसं? घरचं नाव गणेशन. जन्म १ ऑक्टोबर १९२८ चा. शाळा फारशी झालीच नाही. लहान वयातच हा मुलगा मुलांच्या नाटक कंपनीत जाऊन राहिला. तिथे आधी सीतेसारख्या स्त्रीभूमिका केल्या, मग हळूहळू मोठी कामं मिळाली. पुढे तमिळनाडूचे मुख्यमंत्री झालेले सी. एन. अण्णादुराई यांनी छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकावर एक तमिळ नाटक लिहिलं होतं. त्यात गागाभट्टाची भूमिका खुद्द अण्णादुराईंनी केली आणि महाराजांची भूमिका केली या गणेशनने. ते काम पाहून पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांनी त्याला 'शिवाजी' म्हटलं, आणि ते नाव जन्मभर चिकटलं. आपल्या महाराजांचं नाव तमिळनाडूच्या घराघरात असं एका नटामुळे पोचलं. लता मंगेशकर या नटाला भाऊ मानत, हेही सांगून ठेवते.

मला शिवाजी गणेशन कळला तो मात्र पुस्तकातून नाही, आमच्या अण्णांकडून. मी सायन-कोळीवाड्याजवळच्या एका मराठी शाळेत शिकवत होते तेव्हा शाळेच्या कोपऱ्यावर अण्णांची इडली-वड्याची गाडी असायची. मूळचे तिरुनेलवेलीकडचे. १९६६ साली मुंबईत आले. मराठी सगळी समजायची, पण बोलायला लागले की हिंदी यायची, तीही मुंबईची. गाडीच्या काचेवर आतल्या बाजूने एक फोटो चिकटवलेला होता. भरघोस मिशा, डोक्यावर पागोटं, डोळे असे की चटणी मागायलाही भीती वाटावी. मी एकदा विचारलं, "अण्णा, हे कोण? तुमचे आजोबा का?" तर डाव हातात तसाच धरून ते हसत सुटले. "टीचर, ये कट्टबोम्मन. ये शिवाजी."

वीरपांडिय कट्टबोम्मन हा तिरुनेलवेली भागातला पाळेगार. इंग्रजांना कर द्यायला त्याने नकार दिला, आणि १६ ऑक्टोबर १७९९ रोजी कयत्तारु या गावी त्याला फाशी देण्यात आली. त्याच्यावरचा चित्रपट १९५९ साली आला, दिग्दर्शक बी. आर. पंथुलू. त्यातला एक प्रसंग तमिळ माणसाला झोपेतून उठवून विचारलात तरी तो सांगेल. जॅक्सन नावाचा इंग्रज अधिकारी कराची थकबाकी मागतो आणि कट्टबोम्मन उभा राहून उलट विचारतो की, आमच्या शेतात तू कोणतं काम केलंस म्हणून कर मागतोस? हे मी माझ्या शब्दांत सांगितलं. मूळ संवाद बराच लांब आहे, अनुप्रासांनी भरलेला आणि चढत जाणारा. या भूमिकेसाठी कैरो इथल्या आफ्रो-आशियाई चित्रपट महोत्सवात १९६० साली शिवाजी गणेशनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

अण्णांनी मात्र हा चित्रपट पाहण्याआधी ऐकला होता. त्यांच्या गावात वीज नव्हती. लग्न असलं की बॅटरीवर चालणारा कर्णा यायचा, त्याच्यावर चित्रपटातल्या संवादांच्या तबकड्या लावायचे. गाणी नाही बरं का, संवाद! चौदा वर्षांचे अण्णा मांडवाच्या खांबाला टेकून तेच ते ऐकायचे. तिसरीनंतर त्यांची शाळा सुटलेली. संवादातले निम्मे शब्द कळत नसत, कारण ते पुस्तकी तमिळ, घरात कोण बोलतंय तसं! मग ते शब्द लक्षात ठेवून गावातल्या मास्तरांना गाठायचे. वर्षभराने टुरिंग टॉकीजचा तंबू गावाशेजारी लागला तेव्हा अख्खा संवाद त्यांना पाठ होता. तंबूत खाली वाळू. पुढच्याचं डोकं मध्ये आलं की वाळूचा ढीग करून त्यावर बसायचं, मागचा ओरडला की ढीग मोडायचा. पडद्यावर शिवाजीने तोंड उघडलं आणि तंबूतली सगळी पोरं त्याच्याबरोबर बोलायला लागली. "पिच्चर का आवाज किसने सुना? सब लोग खुद बोल रहा था," असं अण्णा सांगायचे.

मित्रांनो, आवडता अभिनेता म्हणजे दिसायला देखणा, नाचायला चपळ, मारामारीत पहिला, असं आपण धरून चालतो. शिवाजी गणेशन यातला कशातच नव्हता. १९५२ साली 'पराशक्ती' या पहिल्याच चित्रपटाच्या वेळी तर हा हडकुळा मुलगा नायक म्हणून शोभत नाही, त्याला बदला, असं स्टुडिओच्या मालकांचं म्हणणं होतं. निर्माते पी. ए. पेरुमाळ अडून बसले म्हणून तो टिकला. एम. करुणानिधींनी लिहिलेलं त्यातलं कोर्टातलं लांबलचक भाषण त्याने म्हटलं आणि पुढचं सगळं बदललं. त्या संवादांच्या छापील पुस्तिका विकल्या गेल्या. लोकांनी त्याचा चेहरा आठवणीत ठेवला तो नंतर, आधी ठेवले शब्द. शाळेत न टिकलेल्या एका नटाने शाळेत न टिकलेल्या लाखो माणसांच्या तोंडी त्यांचीच भाषा नीट, ठसठशीत बसवली. मी भाषा शिकवते म्हणून असेल, पण मला याचंच सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं.

आता त्याच्या अभिनयाला पुष्कळ जण भडक म्हणतात. मलाही काही जागा भडक वाटतात, उगीच का लपवू? गाल थरथरतात, भुवया उडतात, एका दुःखाला तीन-तीन वळणं येतात. पण हा माणूस नाटकात वाढला, हे विसरून चालणार नाही. पार मागे बसलेल्या, कमी पैशांच्या तिकिटाच्या माणसापर्यंत पोचायचं, ही त्याची लहानपणापासूनची सवय. आणि त्याला हळू बोलता येत नव्हतं असंही नाही. भारतीराजांचा 'मुदल मरियादै' (१९८५) बघा. त्यात तो गावातला एक वयस्क, मनाने थकलेला माणूस आहे. बोलतो कमी, बघतो जास्त. कट्टबोम्मन आणि हा एकच माणूस, यावर विश्वास बसत नाही.

'नवरात्री' (१९६४) मध्ये त्याने नऊ रसांसाठी नऊ वेगवेगळी माणसं उभी केली. हिंदीत त्यावरून संजीव कुमारचा 'नया दिन नई रात' आला, तो तुमच्या आजी-आजोबांनी पाहिला असेल. 'तिल्लाना मोहनांबाळ' (१९६८) मध्ये तो नादस्वरवादक आहे. नादस्वर म्हणजे आपल्या सनईची थोरली बहीण म्हणा. वाजवणारे खरे कलाकार वेगळे, पण फुगलेले गाल, गळ्याच्या शिरा, बोटं, सगळं इतकं बरोबर की अण्णा कितीतरी वर्षं तो स्वतः वाजवतो असंच समजून होते. मला स्वतःला जवळचा वाटतो तो 'कप्पलोट्टिय तमिळन' (१९६१). लोकमान्य टिळकांना गुरू मानणारे व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी इंग्रजांच्या जहाज कंपनीसमोर स्वदेशी जहाज कंपनी काढली. त्यांना शिक्षा झाली आणि तुरुंगात बैलासारखं तेलाच्या घाण्याला जुंपलं. ही भूमिका शिवाजीने केली. चित्रपट त्या वेळी चालला नाही. अण्णांना याचा राग चाळीस वर्षांनीही होता.

राग त्यांना आणखी एका गोष्टीचा होता. तिकडे चाहत्यांचे दोन तट होते, शिवाजीचे आणि एम. जी. आर. यांचे. चहाचं दुकान वेगळं, न्हाव्याचं दुकान वेगळं. एम. जी. आर. मुख्यमंत्री झाले. शिवाजीने १९८८ साली स्वतःचा पक्ष काढला, आणि १९८९ च्या निवडणुकीत तंजावरजवळच्या तिरुवैयारु मतदारसंघात तो स्वतःच पडला. मी म्हटलं, "अण्णा, एवढं प्रेम, मग मतं का नाही दिली लोकांनी?" अण्णांनी वड्याचं पीठ ढवळत उत्तर दिलं, "टीचर, रोने को शिवाजी. वोट का बात अलग." एवढं नेमकं उत्तर मला कुठल्या पुस्तकात वाचायला मिळालं नाही.

२१ जुलै २००१ ला शिवाजी गणेशन गेला. दुसऱ्या दिवशी अण्णांची गाडी बंद होती. ते घराच्या पायरीवर बसलेले, आणि शेजारी त्यांचा एक जुना मित्र. तो कट्टर एम. जी. आर. वाला, आयुष्यभर दोघं भांडले. त्या दिवशी तो सकाळपासून येऊन बसला होता.

अण्णांचा नातू पुढे माझ्याच शाळेत आला. पाचवीत होता. हुशार, पण तोंड उघडायचा नाही. कारण सांगते. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. घरात महाप्राण कानावर पडतच नाहीत. त्यामुळे हा 'घोडा' म्हणायला जाई आणि 'गोडा' होई, 'भवानी'ची 'बवानी'. वर्ग हसायचा. पोराने मग बोलणंच टाकलं. हजेरीलाही नुसता हात वर करायचा. शिवजयंतीच्या भाषणासाठी मी मुद्दाम त्याचं नाव लिहिलं तेव्हा वर्ग पुन्हा हसला, आणि तो दोन दिवस शाळेत आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी अण्णा त्याला हाताला धरून घेऊन आले. म्हणाले, "टीचर, हमारे शिवाजी को नाम तुम्हारे शिवाजी से मिला. ये बोलेगा."

मग पंधरा दिवस आमची दोघांची शिकवणी चालली. मी शाळेत त्याच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरायचे. 'ब' म्हटलं की पट्टी गप्प राहायची, 'भ' म्हटलं की हलायला हवी. संध्याकाळी गाडी आवरली की अण्णा इडलीच्या भांड्याच्या झाकणावर बोटांनी ठेका धरायचे. इथे थांब, इथे श्वास घे, इथे शेवटचा शब्द गिळू नकोस. मराठी अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं. "आवाज गले से नहीं, पेट से आना मंगता," हे एकच पालुपद. माझं भाषण दीड पानाचं होतं, अण्णांनी त्याचं नाटक करून टाकलं.

१९ फेब्रुवारीला पोरगं उभं राहिलं. 'घ' तीनपैकी दोन ठिकाणी बरोबर आला. 'भवानी' ऐन वेळी 'बवानी'च झाली. पण आवाज असा लागला की शेवटच्या रांगेतली सातवीची मुलंसुद्धा खुसफुस थांबवून बघायला लागली. कोणी हसलं नाही. पुढच्याच आठवड्यात प्रकटवाचनाला त्याने हात वर केला, आणि मार्चपर्यंत 'गप्प बस' म्हणायची पाळी माझ्यावर आली.

काही वर्षांनी अण्णा गाडी पुतण्याकडे देऊन गावी गेले. २०१२ साली शिवाजीचा 'कर्णन' हा १९६४ चा चित्रपट नव्याने स्वच्छ करून तमिळनाडूत पुन्हा लावला, आणि तो शंभराहून अधिक दिवस चालला. नातू शिकायला मुंबईतच होता, तो मुद्दाम गावी जाऊन आजोबांना तिरुनेलवेलीला घेऊन गेला. रात्री अण्णांचा फोन आला. मी विचारलं, कसा वाटला? म्हणाले, पिच्चर तोच, शिवाजी तोच. तेव्हा वाळूत बसून बघितला, आता गादीच्या खुर्चीत. आजूबाजूला कॉलेजची पोरं होती, तीही टाळ्या वाजवत होती. फक्त एसी फार, टीचर. पुढच्या वेळी शाल न्यायला पाहिजे.