मौजे एकसर, तालुका बोरिवली

बोरिवलीतल्या उंच इमारतीतल्या फ्लॅटचं खरेदीखत उघडलं की मजल्याच्या आधी गाव भेटतं: मौजे एकसर, तालुका बोरिवली, जिल्हा मुंबई उपनगर. घर घेणाऱ्याचा जीव त्या वेळी कर्जाच्या हप्त्यात आणि मुद्रांक शुल्कात अडकलेला असतो; गावाच्या नावावर नजर थांबत नाही. थांबायला हवी. याच एकसरला शिलाहारकाळातले वीरगळ उभे आहेत. दगडात कोरलेल्या नावा, कडेला ओळीनं वल्ही, वर झुंजणारे वीर. कधीकाळी आरमारं भिडली, याची साक्ष आज इमारतींच्या दाटीत उभी आहे.

हा सगळा मुलूख साष्टी बेटाचा. १५३४ च्या तहानं तो पोर्तुगीजांकडे गेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी. मुंबईशी तो आणखी घट्ट जोडला गेला १८४५ मध्ये, माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता झाला तेव्हा. त्यासाठी पैसा दिला होता अवाबाई जीजीभॉय यांनी.

ठाणे जिल्ह्यातून दक्षिण साष्टी तोडून मुंबई उपनगर जिल्हा पहिल्यांदा झाला १९२० मध्ये. पुढे १९५० आणि १९५७ मध्ये महापालिकेची हद्द मुलुंड-दहिसरपर्यंत सरकली आणि उपनगरं बृहन्मुंबईत विरघळली. आजचा जिल्हा १ ऑक्टोबर १९९० चा. तालुके तीनच: अंधेरी, बोरिवली, कुर्ला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ९३ लाखांवर, तरी जिल्हा परिषद नाही, ग्रामपंचायत नाही. पाणी, रस्ते, कचरा पालिकेकडे. जमिनीचं दप्तर वांद्र्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. सोसायटीला बिगरशेती कराची नोटीस यायची, तेव्हा कुठे अनेकांना आपल्याला जिल्हाधिकारीही आहेत हे कळायचं.

दप्तरानं गावांची नावं जपली, हे फार मोलाचं. पण नाव जपणं वेगळं आणि गाव जपणं वेगळं. वेसावे, खारदांडा, मढ इथल्या कोळ्यांना मासळी वाळवायला मोकळी जागा लागते, होड्या ओढायला किनारा लागतो. कागदावर ती जागा त्यांच्या वहिवाटीची म्हणून नोंदली गेली नाही, तर उद्या तिच्यावर दुसराच कोणी हक्क सांगतो. म्हणून कोळीवाडे आणि गावठाणं सीमांकनाचा आग्रह धरतात. घराभोवतीचं अंगण, विहीर, क्रूस, मासळी वाळवायची वलांडी हे सगळं नकाशात हवं, एवढंच त्यांचं मागणं आहे. ते रास्त आहे, आणि मोजणीचा अधिकार या जिल्ह्याच्याच यंत्रणेच्या हाती आहे.