शुक्रवारी न रुसणारा संगणक

आमच्या घरी संगणक आला तो २००५ च्या दिवाळीनंतर, आणि तोही एका खोक्यातून नव्हे, पाच-सहा खोक्यांतून. थोरल्या मुलाने लॅमिंग्टन रोडवर दोन दिवस पायपीट करून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, एसएमपीएस असे सुटे भाग गोळा केले. बाहेरच्या खोलीत चटई अंथरून, शेजारच्या मुलांच्या गराड्यात, एका संध्याकाळी त्याने त्यांची जुळणी केली. पडद्यावर पहिली अक्षरे उमटली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत.

भिवंडीच्या एका यंत्रमाग कारखान्यात मी तेव्हा मेहताजी होतो. ज्या मालाला पक्के बिल नाही तो माल माझ्या लेखी नव्हताच. शिवाय मुलगा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होता, आणि ते शिक्षण सोडून संगणक-दुरुस्तीचा अभ्यासक्रम धरावा असे त्याच्या मनात घोळत होते. तो संगणक म्हणजे त्याने माझ्यापुढे ठेवलेला अर्ज होता. मला तो मंजूर करावयाचा नव्हता.

हिवाळा सुखाने गेला. मार्च महिना लागला आणि संगणक चालता चालता बंद पडू लागला. ना सूचना, ना आवाज. एखाद्याने वाक्य अर्धे टाकून उठून जावे तसा. कारखान्याचा वर्षअखेरीचा ताळेबंद मी घरी टंकित करीत होतो, तो एका दुपारी दोनदा गेला. त्या संध्याकाळी पाहुणे बसले असताना मी मुलाला म्हणालो, "घरी शिवलेला सदरा आणि घरी जोडलेले यंत्र, दोन्ही उसवायचेच." पाहुणे हसले. मुलगा काही बोलला नाही. खरे सांगावयाचे तर संगणक बंद पडला याचा मला आतून थोडा आनंदच झाला होता.

मुलाने मात्र शोध सोडला नाही. प्रथम त्याने रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले. मग मदरबोर्डवरील कपॅसिटरांची डोकी एकेक करून तपासली. त्या काळात सदोष कपॅसिटरांचे जणू पीकच आले होते. आतला द्राव बिघडला की त्यांचा सपाट माथा फुगतो, आणि अशा फुगलेल्या माथ्यांनी जगभरचे कितीतरी मदरबोर्ड निकामी केले. आमचे माथे सपाट होते. मग संशय एसएमपीएसवर गेला. स्वस्त एसएमपीएसवर ४०० वॅट छापलेले असते, पण तेवढा भार तो पेलतोच असे नाही. मित्राचा एसएमपीएस आणून लावला. संगणक तरीही बंद पडला.

शेवटी मी माझे हत्यार काढले. एका कोऱ्या खतावणीत रकाने आखले: दिनांक, वार, चालू केल्याची वेळ, बंद पडल्याची वेळ, दिवे होते की नव्हते. भारनियमनाचे दिवस होते ते, तेव्हा शेवटचा रकाना आवश्यकच होता. मुलाला यात माझी खोच दिसली असावी. पण त्यानेही नोंदी इमानाने केल्या.

तीन आठवड्यांनी वही सांगू लागली. शुक्रवारी संगणक एकदाही बंद पडला नव्हता! भिवंडीत राहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शुक्रवार हा आमच्या गल्लीतील मागांच्या सुट्टीचा दिवस. माग थांबले की विजेवरचा ताण उतरतो. माग सुरू झाले की २३० व्होल्टच्या जागी घरातले दिवे पिवळे पडतात. निष्कर्ष स्पष्ट होता: दोष विजेच्या दाबाचा. मी विजयी मुद्रेने दोन हजारांहून अधिक रुपये मोजून यूपीएस आणला.

दुसऱ्याच दिवशी, म्हणजे शनिवारी, संगणक पुन्हा बंद पडला.

त्या दिवशी मुलगा पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पप्पा, मॉनिटरचा दिवा बघा. तो जळतोय. दोन्ही एकाच यूपीएसवर आहेत. यूपीएसने शिट्टीसुद्धा वाजवली नाही. वीज गेलीच नाही, आतूनच कोणीतरी बंद केलंय." मग त्याने वही मागितली. वर्षानुवर्षे खतावण्या तपासणारा मी, पण जे मला दिसले नव्हते ते त्याला दिसले. बंद पडल्यावर लगेच पुन्हा चालू केला की संगणक दुसऱ्यांदा फार लवकर बंद पडत होता. सकाळी ७० मिनिटे, लागलीच पुन्हा लावला तर ९ मिनिटे, त्यानंतर ४. तासभर विसावा दिला की पुन्हा तासभर चालत होता. "तापतोय," मुलगा म्हणाला.

बायोसच्या पडद्यावर प्रोसेसरचे तापमान दिसते हे मला तोवर ठाऊक नव्हते. आकडा ८१ अंशांचा होता, तोही काही काम न करता. आमचा पेंटियम ४ कामाला लागला की ८० ते ९० वॅटची उष्णता ओकणाऱ्यांपैकी. म्हणजे जुन्या पद्धतीचा मोठा बल्बच तो, फक्त बोटाच्या पेराएवढ्या जागेत. तापमान मर्यादेपलीकडे गेले की जळून जाऊ नये म्हणून यंत्र स्वतःच बंद होते. आम्ही ज्याला बिघाड म्हणत होतो तो त्याचा बचाव होता.

कॅबिनेट उघडले. पंखा फिरत होता. पण तो काढल्यावर खाली, अॅल्युमिनियमच्या पात्यांवर, करड्या रुईची एक घट्ट गादी बसलेली होती. नखाने उचलली तर अखंड निघाली, नमद्याच्या तुकड्यासारखी. मागांवरून उडणारे सुताचे तूस! आमच्या घराच्या मागेच मागांची शेड, आणि पंखा बिचारा चार महिने ती हवा ओढून गाळीत बसला होता.

मी ती गादी बराच वेळ हातात धरून होतो. हीच रुई आमच्या विणकरांच्या भुवयांवर साचते, आणि हीच छातीत जाते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या त्या विकाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. त्याची एक विचित्र खूण अशी की, सुट्टीनंतर कामावर येण्याच्या पहिल्या दिवशी छाती अधिक आवळते. आमच्या कारखान्यात शनिवारी खोकला जास्त ऐकू येई, आणि सुट्टीत हे लोक विड्या फार ओढतात असे मी समजत आलो होतो.

मग शुक्रवारचे काय? त्याचा उलगडा पत्नीने भाजी निवडता निवडता केला. मागांच्या खडखडाटामुळे आणि रुईमुळे मागची खिडकी आम्ही आठवडाभर बंद ठेवीत असू. शुक्रवारी ती उघडत असे. आणि शुक्रवारीच ती कॅबिनेटवरचे क्रोशाचे आवरण धुवायला काढी. ते संध्याकाळपर्यंत दोरीवर वाळत असे. हे आवरण घालावे असा हट्ट माझाच होता. धूळ बसू नये म्हणून.

मुलाने रंगाच्या मऊ ब्रशने पाती झाडली, प्रोसेसरवरची जुनी पेस्ट पुसून मोहरीएवढी नवी लावली, पंखा बसवला. आकडा ५२ वर आला. वही मी पुढे दोन आठवडे चालू ठेवली. शेवटचा रकाना रिकामाच राहिला. त्या पानावर मुलाने तिरकी रेघ ओढून खाली लिहिले, "खाते बंद."

क्षमा मागण्याची रीत आमच्या घरात बाप लोकांना नव्हती. पुढच्या शुक्रवारी मी त्याला म्हणालो, "कॅबिनेटला आणखी एक पंखा बसतो म्हणालास ना? चल." ठाण्याला लोकल धरली, दादरला बदलून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडवर तो दुकानामागून दुकान फिरत राहिला, पंखे कानाशी धरून ऐकत राहिला, दुकानदारांशी घासाघीस करीत राहिला. मी पिशवी धरून मागे उभा होतो. एका दुकानदाराने विचारले, "बिल हवे का?" मुलाने माझ्याकडे पाहिले.

"तू ठरव," मी म्हणालो.