निवळलेलं पाणी

आमच्या काळ्या मातीचं कौतुक कापूस पिकवणाऱ्यानं करावं. पावसाळ्यात नदीचं पाणी भरणाऱ्या बाईला विचाराल, तर ती वेगळंच सांगेल. पुलगावच्या अलीकडे, वर्धा नदीकाठी आमचं गाव. उन्हाळ्यात पात्रातल्या रेतीत झिरा खणला की वाटीवाटीनं काचेसारखं पाणी मिळे. गाळायचं काम रेतीच करी. आषाढात पूर आला की झिरे बुडत, आणि गुंडातून चहाच्या रंगाचं पाणी घरी येई.

रेती घटकाभरातच तळाशी जाते. चिकणमाती मात्र आठ-आठ दिवस ठेवली तरी पुरती बसत नाही. असं का, ते मला पुढं रसायनशास्त्र शिकताना कळलं. तिचे कण 2 मायक्रॉनहूनही बारीक, त्यात सगळ्यांवर सारखाच ऋण भार; म्हणून ते एकमेकांना दूर लोटत पाण्यात तरंगत राहतात. तुरटीनं तो भार मरतो. मग कण एकमेकांना चिकटतात, कापसाच्या पुंजक्यांसारखे दिसू लागतात अन् जड होऊन खाली उतरतात.

आजीला भार-बिर ठाऊक नव्हता. तिचा हिशेब हाताचा. तुरटीचा खडा पाण्यात दोन-चार फेरे फिरवायचा, हळू ढवळायचं, अन् रात्रभर गुंडाला कोणी हात लावायचा नाही. फेरे जास्त झाले की पाणी तुरट लागे. तिच्या माहेरी तुरटीऐवजी निवळीची बी माठाला आतून घासत. (हीच बी सुश्रुतसंहितेत कतक म्हणून येते.)

एका पुरात धाकट्या भावाला हगवण लागली. दोन दिवसांत तो इतका सुकला की रडताना डोळ्यांत पाणी येईना. आईनं निवळलेलं पाणी चुलीवर ठेवलं, तशी आजी भडकली.

"आरशासारखं पाणी हाये, त्याले उकळाचं काऊन? सरपण सारं ओलं हाये."

"दवाखान्यातल्या बाईनं सांगतलं, आत्याबाई. माती बसते, रोगाचे किडे सारे नाही बसत."

धुरानं घर भरलं. आई त्या पाण्यात साखर-मीठ घालून त्याला चमच्याचमच्यानं पाजत राहिली. आजी दिवसभर तिच्याशी बोलली नाही. संध्याकाळी तिनं आपल्या खाटेखाली राखलेला कोरड्या पऱ्हाट्यांचा भारा ओढला आणि चुलीपुढं टाकला.

पाचव्या दिवशी भाऊ भाकर मागू लागला. तेव्हापासून पाणी उकळणं आईकडं आलं. तुरटीचा खडा मात्र आजीनं कोणाच्या हाती दिला नाही.