फरारबाईंच्या शाळेकडे

धरणगावला परका माणूस नवा नाही. १६७० च्या दशकात इथे इंग्रजांची वखार होती आणि मराठ्यांनी ती लुटलीही. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. १८२५ पासून जेम्स आउट्रमने भिल्ल तरुणांची पलटण उभी केली, तिचे ठाणे याच गावात होते. म्हणजे साहेब इथे आधी तागडी घेऊन आला, मग बंदूक घेऊन. पाटी-पुस्तक घेऊन येणारा जो तिसरा परका, त्याचा माग काढायचा तर धरणगावच्या स्टेशनातून नगरच्या दिशेने निघावे लागते. त्याला कारणही धरणगावचेच आहे. १३ ऑगस्ट १८९० रोजी या गावात जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी, नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी जाऊन राहिले. पोलीस खात्यात असलेल्या ब्राह्मण बापाचा मुलगा ख्रिस्ती कुटुंबात घरच्यासारखा वावरला आणि शेवटपर्यंत ख्रिस्ती झाला नाही. हे नगरमध्ये सहज घडू शकले, कारण त्या शहरात ख्रिस्ती शिक्षक आणि हिंदू घर यांचा व्यवहार तोवर पाऊणशे वर्षे मुरलेला होता. तो व्यवहार कोणी आणि कसा सुरू केला, हा या प्रवासाचा विषय.

सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी चावलखेडे, पाळधी मागे टाकते आणि गिरणेच्या पुलावर येते. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी, जळगाव जवळ आले की केळीच्या बागा. नदीकाठी बांभोरीच्या बाजूला बहिणाबाई चौधरींचे नाव दिलेले विद्यापीठ आहे. पहिला आक्षेप इथेच गाठतो. असोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. तरी आज विद्यापीठ त्यांच्या नावाने चालते. मग परदेशी बायांनी येऊन मुलींना बाराखडी शिकवली याचे एवढे कौतुक कशाला? शहाणपण जात्यावर आणि शेतात होतेच की! होते, यात शंका नाही. पण बहिणाबाईंची गाणी आपल्यापर्यंत आली ती मुलगा सोपानदेव लिहिता होता म्हणून. ती ऐकून उतरवून घेणारे घरात कोणी नसते, तर १९५२ मध्ये पुस्तक निघाले नसते. ज्या घरांत असा सोपानदेव नव्हता, त्या घरांतल्या बायांचे काय झाले याचा हिशेब कुठेच नाही. म्हणून बहिणाबाईंचे उदाहरण मला शाळेच्या विरुद्ध वाटत नाही. उलट शाळा नसण्याची किंमत किती मोठी होती, ते त्यातून दिसते.

जळगावला गाडी बदलायची. पाचोरा, चाळीसगाव, नांदगाव करत मनमाडपर्यंतचा पट्टा सपाट आणि रुक्ष आहे. त्यावर वेळ घालवण्यापेक्षा जिच्यासाठी निघालो त्या बाईंकडे वळतो. सिंथिया फरार. जन्म १७९५, अमेरिकेच्या न्यू हँपशायर राज्यातले मार्लबरो हे गाव. तिकडे त्या शाळामास्तरीणच होत्या. १८२७ मध्ये अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने त्यांना मुंबईला पाठवले. त्या संस्थेने भारतात पाठवलेली ही पहिली अविवाहित स्त्री. जूनमध्ये निघालेल्या बाई कलकत्त्यामार्गे वर्षाच्या अखेरीस मुंबईत उतरल्या, तेव्हा बत्तिशीच्या होत्या. अमेरिकन मिशनची मुलींची पहिली शाळा १८२४ मध्ये निघालेली होती. तिला आणि तिच्यामागून निघालेल्या शाळांना पूर्णवेळ बघणारे माणूस हवे होते. १८३७ मध्ये प्रकृतीसाठी बाई मायदेशी गेल्या आणि १८३९ मध्ये परतल्या त्या थेट नगरला. १८६२ च्या जानेवारीत तिथेच वारल्या. तरुणपणी परदेशी जाणे हा हौसेचा किंवा श्रद्धेच्या उमाळ्याचा भाग असू शकतो. दहा वर्षांचा अनुभव घेऊन, घरी जाऊन, चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा तोच प्रवास करणे हा विचारपूर्वक केलेला निर्णय असतो.

फरारबाईंबद्दल आपल्याकडे दोनच सुरांत बोलले जाते. एका सुरात त्या स्त्रीशिक्षणाच्या देवदूत, दुसऱ्यात धर्मांतराचा गळ. मला दोन्ही सूर सारखेच आळशी वाटतात; दोन्ही बाईंच्या मनात काय होते एवढेच बघतात. मनातले सोडून दिवस बघावा. त्या काळची मिशन शाळा म्हणजे घंटा, पटांगण आणि गणवेश नव्हे. एखाद्या गल्लीतली ओसरी किंवा भाड्याची खोली, तिथे वीस-पंचवीस पोरी आणि शिकवायला नेमलेला पंतोजी. हा पंतोजी बहुधा ब्राह्मण, म्हणजे हिंदूच, कारण शिकवू शकणारा ख्रिस्ती मराठी माणूस तेव्हा मिळायचा कुठून? त्याची पद्धत गावच्या शाळेतलीच. पाटावर धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. सगळ्यांनी एका सुरात उजळणी म्हणायची. बाईंचे काम या शाळा फिरून बघण्याचे. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जायचे, पट मोजायचा, वाचून घ्यायचे, ख्रिस्ती प्रश्नोत्तरे पाठ झाली का ते बघायचे, मोठ्या मुलींना शिवण शिकवायचे आणि उरलेल्या वेळात स्वतः पंडिताजवळ बसून मराठी शिकायची. मुलींची परीक्षा घेणारी बाई त्याच भाषेची विद्यार्थिनी होती.

यातून काय निष्पन्न होते? पगार पटावर अवलंबून असला की पट फुगतो. हे पंतोजी ओळखून होते आणि मिशनरीही. परीक्षेच्या दिवशी ओसरी भरते, एरवी निम्मी रिकामी, या तक्रारीला आज दोनशे वर्षे होत आली तरी ती शिळी वाटत नाही. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली, लग्न ठरले, की तिचे नाव पटावरून जाणार. ते थांबवणे कोणत्याही परक्या बाईच्या हाती नव्हते. सण, सुवेर, सुगी, साथ यांचे पंचांग शाळेला पाळावे लागे. पोर शाळेत पाठवायची की नाही हे आई आणि आजी ठरवत, आणि त्यांना पटवायचे तर वाचनापेक्षा शिवणाचा उपयोग अधिक होई, कारण पोरीने घातलेला टाका घरात दिसतो. म्हणजे शाळेचा पैसा बोस्टनहून येत होता, पण वेळ, भाषा, गुरुजी, विद्यार्थिनी आणि शाळेची मुदत या पाचही गोष्टी इथल्या समाजाच्या हातात होत्या. माझे म्हणणे एवढेच, की ही शाळा मालकीने परकी आणि चालण्याने इथली होती. म्हणूनच ती पुढे मालकाच्या हातून सुटू शकली.

मनमाडला दौंडकडची गाडी धरली की अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले दिसतात आणि येवल्याची बाजू लागते. यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. शाळा कितीही इथली असो, काढली ती धर्मांतरासाठीच ना? होय, धर्मांतरासाठीच. बोर्डाने बाईंना मराठी पोरी हुशार व्हाव्यात म्हणून पाठवले नव्हते, आणि बाईंनीही तसा आव कधी आणला नाही. प्रश्नोत्तरे पाठ करून घेणे हा शिक्षणाचा गाभा आणि वाचन हे त्याचे साधन, असाच त्यांचा क्रम होता. पण शाळेला जाणाऱ्या शेकडो मुलींच्या मानाने त्या वाटेने ख्रिस्ती झालेल्या अगदी थोड्या. नगरमध्ये १८३९ मध्ये हरिपंत खिस्ती आणि त्यांचे भाऊ ख्रिस्ती झाले ते प्रौढपणी, स्वतःच्या विचाराने. पोरींच्या ओसरीतल्या पाठांतराने नव्हे. धर्मांतराचे साधन म्हणून ही प्राथमिक शाळा फारशी चालली नाही, असा निष्कर्ष मिशनच्याच जमाखर्चातून निघतो. साधन हेतूला सोडून गेले. छापखान्याचेही असेच झाले. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली तयार झालेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर काढला आणि तिथून संस्कृत ग्रंथ छापले! मिशनच्या हिशेबात हे कुठल्या खात्यावर टाकायचे?

कोपरगावनंतर गोदावरी ओलांडून गाडी पुणतांब्याला येते. तिसरा आक्षेप साम्राज्याचा. मिशनरी म्हणजे राज्यकर्त्यांचा दुसरा हात, असे सरसकट म्हटले जाते. ब्रिटिश मिशनऱ्यांबाबत त्यात तथ्य असेल. अमेरिकनांबाबत जपून बोलावे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकार त्यांना देशाबाहेर घालवायला निघाले होते; गव्हर्नर नेपियनकडे अर्जविनंत्या करून त्यांनी तळ टिकवला. तरीही आक्षेप पुरता खोडता येत नाही. नगर १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेले नसते, तर १८३१ मध्ये तिथे मिशनचे ठाणे बसले नसते. गोऱ्या बाईला गल्लीतून निर्धास्त फिरता येत होते, त्यामागे छावणीची सावली होतीच. धरणगावात बंदूक पाटीच्या आधी आली, नगरमध्येही तोच क्रम होता. मात्र आधी बंदूक आली म्हणून पाटीवरचे अक्षर बंदुकीचे होते, हे काही मला पटत नाही. बंदुकीच्या छायेत कलेक्टर कचेरी होती, अफूचा ठेकेदार होता, पलटणीचा दलाल होता. त्यातले कोणीही मुलींना वाचायला शिकवत नव्हते. आणि शाळा आधीपासून होत्या, हेही खरे. गावोगाव पंतोजी होते, त्यांची मोडी आणि त्यांचे तोंडी हिशेब पक्के होते. त्या शाळांत मुली नव्हत्या, एवढा फरक कोणत्याही अभिमानाने भरून निघत नाही.

राहुरी, वांबोरी, विळद आणि मग नगर, आता सरकारदरबारी अहिल्यानगर. मिशनच्या इमारती, भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये स्थापलेले अहमदनगर कॉलेज, क्लेरा ब्रूस मुलींची शाळा, हे सगळे एका फेरीत बघून होते. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ याच शहरात निघाले. पण मला या इमारतींपेक्षा इथल्या जुन्या न्यायकचेरीत काम करणारे एक गृहस्थ महत्त्वाचे वाटतात. सदाशिव बल्लाळ गोवंडे. ते जोतीराव फुल्यांचे मित्र. त्यांच्याकडे नगरला आलेल्या जोतीरावांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि त्याचा उल्लेख त्यांनी स्वतः १८५३ मध्ये केला, तोही ‘ज्ञानोदया’त. सावित्रीबाईंचे शिक्षण कुठे किती झाले यावर वाद घालणाऱ्यांनी ही साक्ष आधी घ्यावी, कारण ती जोतीरावांच्या स्वतःच्या तोंडची आहे.

इथे एक चौथा आक्षेप येतो आणि तो नेमका उलट बाजूचा आहे. मग फुल्यांचे श्रेय फरारबाईंना द्यायचे का? अजिबात नाही. जोतीरावांनी १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात शाळा काढली ती नगरच्या शाळेची नक्कल नव्हती. शिकवणारी स्वतः मराठी, घरची, आणि तिच्यासाठी वेगळे घर किंवा परतीचे जहाज नाही. बायबलची प्रश्नोत्तरे अभ्यासक्रमात नाहीत. जोतीरावांनी नगरमध्ये पाहिली ती मुली वाचत बसलेली एक ओसरी. ती पाहून हे आपल्याकडे, आपल्या माणसांकडून, आपल्या हेतूने होऊ शकते हा निष्कर्ष त्यांचा. फरारबाईंनी तो काढला नाही, त्यांना तो काढताही आला नसता. परक्या शाळेतून नेमके काय उचलायचे हे जोतीरावांना कळले. आणि सावित्रीबाईंना त्यासाठी रस्त्यात शेणदगड सोसावे लागले. फरारबाईंच्या वाट्याला तसे आल्याची नोंद माझ्या वाचनात नाही. कलेक्टरच्या जातीच्या बाईला दगड मारायला छाती लागते. शेजारच्या माळ्याच्या सुनेला मारायला लागत नाही.

बालकवींचे नगरचे दिवस या सगळ्यानंतर साठ वर्षांनी आले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळाले, टिळकांचा लोभ जडला आणि नगरच्या घरात टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना सांभाळले, ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे माहीत आहे. लक्ष्मीबाईंना स्वतःला अक्षरे लग्नानंतर, नवऱ्याच्या हट्टाने आली. फरारबाईंच्या ओसरीवरून लग्न ठरून उठलेल्या मुलींपैकी किती जणींना असा नवरा भेटला असेल, हा प्रश्न मी नगरमध्ये विचारत फिरलो तर उत्तर द्यायला कागद नाहीत. मिशनच्या अहवालात मुलींची संख्या असते, पंतोजींचा पगार असतो. दोघांची नावे मात्र क्वचितच असतात. फरारबाईंची जन्मतारीख, बोटीची तारीख, मृत्यूची तारीख आपल्याला ठाऊक आहे. धुळीत अक्षर काढून दाखवणाऱ्या त्या पंतोजींवर कोणी अजून संशोधन केले पाहिजे, आणि ते अमेरिकेतल्या दप्तरातून नव्हे तर नगर-पुण्याच्या घराण्यांच्या कागदांतून करावे लागेल.