यांचा रेडिओ

मंडळी, मी मराठीची मास्तरीण. रेडिओतलं मला विविध भारतीपलीकडे काही कळत नसे. आमचे हे मात्र तार ऑफिसातले. आधी 'कडकट्ट', मग टेलिप्रिंटर. घरी आल्यावरही शॉर्टवेव्ह रिसीव्हरला कान लावून हौशी रेडिओवाल्यांचे मोर्स ऐकत बसायचे. मी स्वयंपाकघरातून तीन हाका मारल्या तरी 'ओ' नाही. फार चिडायची मी.

१५ जुलै २०१३ पासून तारसेवा बंद झाली, पण यांचं ऐकणं चालूच राहिलं. दोन वर्षांपूर्वी मात्र कानच गेले. यंत्र लावून बोलणं थोडं कळतं, पण खरखरीतली ती बारीक शिट्टी काही ऐकू येईना. एक दिवस यांनी रिसीव्हरवर टॉवेल टाकला. आणि गंमत म्हणजे घर शांत झालं ते मलाच सोसेना.

सुट्टीत नातवाने लॅपटॉपवर फ्लडिजी नावाचा प्रोग्राम घातला. फुकट मिळतो. रिसीव्हरच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या माइकमध्ये वायर जोडली. मी सवयीने आवाज मोठा केला, तर पडद्यावर खोट्या रेघांची गर्दी! "आजी, लॅपटॉप बहिरा नाहीये," नातू म्हणाला. यांनी विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं नाही.

मग १४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, १४.०८०च्या जरा वर, रेडिओ टेलिटाइप शोधलं. दोन रेघा शेजारीशेजारी, मध्ये १७० हर्ट्झचं अंतर. बरोबर त्यांच्यावर नेम धरायचा. पहिल्यांदा सगळी भेंडोळी उमटली, कारण दोन्ही सूर उलटे लागले होते. उलटं करायचं बटण दाबलं आणि अक्षरं नीट आली. एके ठिकाणी मात्र '५९९' ऐवजी 'टी-ओ-ओ' आलं. मला वाटलं, स्पेलिंगची चूक. हे इतक्या दिवसांनी हसले. टाइपरायटरची वरची ओळ कागदावर काढून दाखवली : टी म्हणजे पाच, ओ म्हणजे नऊ. या पाच खुणांच्या लिपीत अक्षरांना आणि आकड्यांना खुणा त्याच असतात. आता आकडे येताहेत, हा इशारा खरखरीत हरवला, एवढंच.

नंतर ७ मेगाहर्ट्झवर मोर्स. एकच बारीक रेघ, तुटत तुटत खाली सरकणारी. कोणीतरी अगदी सावकाश पाठवत होतं. संगणक नुसता ई, टी, ई, आय छापत सुटला. हे मात्र पडद्यावर वाकून बघत होते. बोट टेबलावर हलायला लागलं. विजेच्या बिलामागे यांनी लिहिलं : सीक्यू सीक्यू, आणि पुढे व्हीयूने सुरू होणारं नाव. म्हणजे आपल्याकडचाच कोणी. "नवशिका आहे. हाताने देतोय, अंतरं सारखी पडत नाहीत. मशीनला कसं कळणार?" म्हणाले.

तेव्हापासून संध्याकाळी मी ऐकून बटण फिरवते, हे बघून वाचतात. टॉवेल परत मोरीत गेला.

काल चहा झाल्यावर मी तीन हाका मारल्या. 'ओ' नाही. ऐकू आलं नाही की लक्ष नव्हतं, ते विचारलं नाही. कप तिथेच नेऊन ठेवला.

असो.