माझगावची शाळा आणि माझी नात



२०१९ साली माझी नात बारा वर्षांची झाली. बात मित्सवाला हॉल, डीजे वगैरे सगळे करतात. तिला विचारलं, तर म्हणाली, "सवता, मला पणजीची मुंबई बघायचीय." मला आनंद झाला आणि आश्चर्यही वाटलं, कारण पोरगी फारशी बोलतच नसे. वर्गात एकदा तिच्या प्रश्नाला सगळे हसले, तेव्हापासून तिनं हात वर करणं सोडलं होतं.

डिसेंबरात आम्ही मुंबईला गेलो. सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ सालची आपली जुनी मशीद पाहिली. दुसऱ्या दिवशी डॉकयार्ड रोड स्टेशनावर उतरून, विचारत विचारत माझगावच्या सर एली कदूरी शाळेत पोचलो. माझी आई तिथे शिकली.

बालमित्रांनो, ही शाळा आपल्याच लोकांनी काढलेली. हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८७५ साली ती 'इस्रायली शाळा' म्हणून सुरू केली. पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे तिला त्यांचं नाव मिळालं. १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षे रिबेका रूबेन तिथे मुख्याध्यापिका होत्या. १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या. ज्या काळी पुष्कळ घरांत मुलीला चौथीनंतर घरी बसवत, त्या काळची ही गोष्ट! आई त्यांना 'रूबेनबाई' म्हणायची, आणि नाव घेताना जरा ताठ बसायची.

मी मात्र दुसऱ्या शाळेत गेले. तिथे एकदा गणितात मी पुन्हा पुन्हा "असं का?" विचारलं, म्हणून बाईंनी मला उभं केलं. "मुलींना कशाला एवढं गणित? पुढे चूलच फुंकायची ना!" मी रडत घरी आले. दुसऱ्या दिवशी आई नऊवारी नेसून शाळेत हजर! आवाज न चढवता म्हणाली, "बाई, ती चुकली तर जरूर रागवा. पण विचारलं म्हणून रागावू नका."

ते वाक्य मला पुढे उपयोगी पडलं. इस्रायलमध्ये नर्स झाल्यावर एका रात्री एका लहान मुलाच्या कागदावर औषधाचा डोस मला जास्त वाटला. वजनाप्रमाणे हिशोब केला, तर दहापट! डॉक्टर मोठे, मी नवी, आणि माझं हिब्रू मोडकं. छाती धडधडत होती, तरी विचारलं. ते आधी चिडले, मग कागद पाहून गप्प झाले आणि आकडा बदलला. ते मूल बरं होऊन घरी गेलं.

हे सगळं नातीला सांगत मी शाळेच्या आवारात उभी होते. आता तिथे बहुतेक मुलं मुसलमान घरांतली आहेत. मधली सुट्टी झाली. डोक्याला ओढणी बांधलेल्या चार-पाच मुली धावत आल्या आणि इंग्रजीत विचारू लागल्या, कुठून आलात, कशाला आलात? मी तोंड उघडणार, तोच नात म्हणाली, "माझी पणजी इथे शिकली." लगेच एकीनं विचारलं, "कुठल्या वर्गात?" नात माझ्याकडे बघू लागली. मला कुठे ठाऊक? आईला मी ते कधी विचारलंच नव्हतं!

मुलींनी शिपाईमामांना विचारून आम्हाला एक रिकामा वर्ग दाखवला. नात बाकावर जाऊन बसली. "हाच असेल असं धरूया," म्हणाली.

घरी आल्यावर ती एकदम बडबडी झाली, असं मी म्हणणार नाही. पण महिन्याभरानं शाळेतून येऊन म्हणाली, "सवता, आज विचारलं. दोघं हसले. मी पुन्हा विचारलं."

आजीआजोबांनो, नातवंडं प्रश्न विचारून डोकं खातात. खाऊ द्या! मुलींना तर मुळीच गप्प बसवू नका. आणि बालमित्रांनो, तुमची आजी कुठल्या शाळेत, कुठल्या वर्गात शिकली, ते आजच विचारून ठेवा. मी उशीर केला, तुम्ही करू नका.