बेगमीचा टोमॅटो

माझ्या लहानपणी टोमॅटो म्हणजे आजचा आजच संपवायचा ऐवज. परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली गावठी झाडं, त्यांची चपटी, आंबटढाण फळं. चिरताना निम्मा रस विळीवरून ताटात उतरायचा. आई त्याचं सार करायची, दाण्याचं कूट घालून कोशिंबीर करायची. फडताळात लोणची, सांडगे, कुरडया, आमसुलं यांची वर्षभराची बेगमी असायची. टोमॅटोला मात्र तिथं जागा नव्हती. इतक्या पाणचट फळाचं टिकवणार काय?

पुढं नोकरीची वर्षं बाजारच्या टोमॅटोवर गेली. घरामागं हातभर जमीन मिळाली तेव्हा रोमा लावला आणि त्याच्या शेजारी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा भाग्यश्री. दोन्ही गराचे, कमी बियांचे. रोमा कापला की दोन-तीनच कप्पे दिसतात, बुळबुळीत रस थोडा, बाकी भिंतीसारखा जाड गर. कच्चा खायला बेताचाच. त्याचा गुण विस्तवावर कळतो. इटलीत व्हेसुव्हियसच्या परिसरातला सान मार्झानो याच गुणासाठी जपला गेला आणि 1996 साली त्याला युरोपचं संरक्षित मानांकन मिळालं.

रोपं मी ऑक्टोबरात लावतो. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनचा, आणि पारा तिशीच्या वर राहिला की ते नीट तयार होत नाही. उन्हाळी फळं म्हणूनच नारिंगी राहतात. पाणी मात्र नेमानं द्यावं लागतं. कधी कोरडं, कधी चिखल असं झालं तर फळाला कॅल्शियम पोचत नाही आणि बुडाला काळा, चपटा डाग पडतो. लांबट जातींना हा त्रास जास्त.

रोमाचं झाड ठरावीक उंचीला थांबतं आणि थोड्याच दिवसांत सगळं पीक पदरात टाकतं. मग जाड बुडाचं पातेलं चढतं. डाव फिरवला की तळापर्यंत वाट पडावी आणि ती लगेच मिटू नये, एवढा गर आटवायचा. लिंबाचा रस घालून बरण्या भरायच्या आणि झाकणं लावून त्या पुन्हा पाण्यात उकळायच्या.

ऑगस्ट 2021 मध्ये भाव पडले म्हणून नाशिककडच्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. जुलै 2023 मध्ये तोच टोमॅटो किलोला शंभरीपार गेला. आईच्या पिढीनं कैरी-कोकमाची जी तजवीज केली, ती टोमॅटोची करायचं आपल्या घरांनी मनावर घेतलंच नाही. एका घराच्या बरण्यांनी बाजार सावरत नाही, हे खरं. तरी भाव पडले की मी घरच्या फळांच्या जोडीला लांबट, गराच्या टोमॅटोचा क्रेट शेतकऱ्याकडून आणतो आणि त्या दिवशी घासाघीस करत नाही.